ए लेव्हलची दोन वर्षं : या चुका टाळा

आयजीसीएसईत (दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) ओळीने ए-स्टार, म्हणजे सर्वोच्च ग्रेड, घेतलेली मुलगी ए लेव्हलच्या (त्यानंतरचा दोन वर्षांचा, बारावीच्या तोडीचा ब्रिटिश अभ्यासक्रम) पहिल्या चाचणीत डी घेऊन घरी येते आणि सगळ्यांचा एकच निष्कर्ष निघतो : अभ्यास कमी पडतोय. कधीकधी तो खरा असतो. पण आंतरराष्ट्रीय शाळांमधल्या बऱ्याच मुलांचं गाडं अडतं ते आधीच झालेल्या निवडींमुळे. विषय कोणते घेतले, बोर्ड कोणतं, त्यातले पेपर कोणते, याकडे सोळाव्या वर्षी कुणी नीट पाहिलेलं नसतं आणि अठराव्या वर्षी प्रवेशाचा अर्ज भरताना ते भोवतं.

विषयांपासून सुरुवात करू. मैत्रीण तिकडे चालली म्हणून, किंवा अमुक सर छान शिकवतात म्हणून विषय घेतले जातात. खरं तर पदवीच्या प्रवेशाची अट आधी वाचायची आणि मग मागे येत विषय ठरवायचे. मेडिसिनला बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र लागतंच, जोडीला बऱ्याचदा जीवशास्त्र. इंजिनिअरिंगला गणित आणि भौतिकशास्त्र. अर्थशास्त्रात हमखास फसगत होते : ए लेव्हलला इकॉनॉमिक्स नसलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतं, पण गणित नसेल तर केंब्रिज विद्यापीठ किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्या पदवीचा विचारच सोडून द्यावा लागतो. इंपीरियल कॉलेज गणिताच्या पदवीसाठी फर्दर मॅथ्सही (गणिताच्या जोडीला घ्यायचा पुढच्या गणिताचा वेगळा विषय) मागतं.

आणि विषयांची संख्या वाढवून काही साधत नाही. ब्रिटिश विद्यापीठांची ऑफर, म्हणजे ठरावीक ग्रेडच्या अटीवरचा प्रवेश, सहसा तीन विषयांवर असते. चौथा विषय फर्दर मॅथ्स असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर चार बी मिळवण्यापेक्षा तीन ए मिळवलेले कधीही चांगले. विषय चुकला असं वाटलं तर पहिल्या काही आठवड्यांतच बदला. अर्धं सत्र उलटलं की मागे पडलेला भाग भरून काढणं फार जड जातं.

आपला सिलॅबस कोणता, हेच माहीत नसणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती टाळायला एक संध्याकाळ पुरते. केंब्रिज, पिअर्सन एडेक्सेल, ऑक्सफर्ड एक्यूए या तिन्ही परीक्षा मंडळांची आंतरराष्ट्रीय ए लेव्हल आहे, पण रचना एक नाही. एडेक्सेलमध्ये विषयाचे युनिट पाडलेले असतात आणि परीक्षा जानेवारी, जून, ऑक्टोबरमध्ये होतात. मात्र प्रत्येक सत्रात प्रत्येक युनिट मिळेलच असं नाही. केंब्रिजची मुख्य सत्रं मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तिथे पहिल्या वर्षाचे एएसचे (ए लेव्हलचा पहिला टप्पा) गुण पुढे नेता येतात, पण १३ महिन्यांच्या आत. इंग्लंडमधल्या शाळांत मात्र २०१५पासून एएस वेगळी काढली गेली आणि तिचे गुण ए लेव्हलमध्ये धरले जात नाहीत. त्यामुळे तिथल्या मुलांसाठी केलेले व्हिडिओ पाहून आपल्या परीक्षेचं नियोजन केलं तर घोळ होणारच.

केंब्रिजच्या गणितात तर एक खास खाच आहे. एएसला पेपर १ आणि पेपर २ घेतले, तर ते गुण पूर्ण ए लेव्हलसाठी पुढे नेता येत नाहीत. ए लेव्हलपर्यंत जायचं असेल तर पेपर १च्या जोडीला मेकॅनिक्स किंवा स्टॅटिस्टिक्सचा पेपर हवा. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याने शाळेत मेकॅनिक्स शिकवतात का, हे प्रवेश घेतानाच विचारावं.

प्रॅक्टिकल म्हणजे किरकोळ, हा गैरसमज

केंब्रिजच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात पेपर ३ आणि पेपर ५ मिळून पूर्ण ए लेव्हलचे २३ टक्के गुण असतात. तरी मुलं सगळी ताकद पेपर ४वर लावतात. पेपर ३ प्रयोगशाळेत होतो. रसायनशास्त्राचं टायट्रेशन बघा : ब्युरेटचं वाचन ०.०५ घन सेंटिमीटरपर्यंत नोंदवायचं असतं. वाचन २४.५० असताना २४.५ लिहिलं की उत्तर बरोबर येऊनही गुण जातो. तक्त्याच्या रकान्याला एकक दिलं नाही, एकमेकांशी जुळणारी दोन वाचनं मिळायच्या आत थांबलं, तरी तसंच. पेपर ५ हा लेखी असतो, त्यात प्रयोग आखायचा आणि आकडेवारी तपासायची असते. 'यात पाठ करण्यासारखं काही नाही' म्हणून तो सोडून दिला जातो, आणि थोड्या सरावात सुधारणा होते ती नेमकी याच पेपरात.

जुने पेपर सगळेच सोडवतात. मार्किंग स्कीम (कोणत्या मुद्द्याला किती गुण, याचा परीक्षकांचा तक्ता) घेऊन स्वतःचं उत्तर ओळीओळीने तपासणारे थोडे. गणितात 'शो दॅट' असेल तर शेवटचं उत्तर आधीच दिलेलं असतं, गुण मधल्या पायऱ्यांना मिळतात. 'हेन्स' असेल तर आधीच्या उपप्रश्नाचं उत्तर वापरलंच पाहिजे. 'एक्झॅक्ट' म्हटलं असताना दशांशात उत्तर दिलं की गुण गेलाच. इकॉनॉमिक्समध्ये 'इव्हॅल्युएट' आलं आणि दोन्ही बाजू लिहून निर्णय दिलाच नाही, तर निबंध कितीही लांब असो, गुणांच्या वरच्या पट्टीत जात नाही.

अर्जाचं वर्ष

पहिलं वर्ष सैल सोडायचं आणि दुसऱ्यात जोर लावायचा, हा बेत यूकासच्या (ब्रिटिश विद्यापीठांचे अर्ज घेणारी संस्था) वेळापत्रकात बसत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनचे अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जातात. दुसरं वर्ष तेव्हा जेमतेम सुरू झालेलं असतं. शिक्षक प्रिडिक्टेड ग्रेड (अंतिम निकालाचा त्यांचा अंदाज) देतात ते पहिल्या वर्षाच्या कामावरूनच. ग्रेड कमी दिला असं वाटलं तर भांडू नका. कोणत्या चाचणीत काय दाखवलं तर तो बदलेल, हे उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच शिक्षकांना विचारा. पर्सनल स्टेटमेंटचे (अर्जात स्वतःबद्दल लिहायचा मजकूर) जुने नमुनेही बाजूला ठेवा : २०२६च्या प्रवेशांपासून तो मजकूर एकसलग निबंध राहिलेला नाही, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, मर्यादा एकूण ४,००० अक्षरांची.

ऑफर आल्यावर एक पक्की आणि एक राखीव निवडता येते. दोन्हीकडे तेच ग्रेड मागितलेले असतील तर राखीव असून नसल्यासारखीच. तिथली अट खालचीच हवी.

ऑगस्टमधल्या निकालात एखादा ग्रेड हुकला, तर पहिला फोन विद्यापीठाला करा. थोडक्यात हुकलेल्यांना कधीकधी घेतात. नाहीच म्हणाले तर क्लिअरिंगमधल्या (निकालानंतर रिकाम्या राहिलेल्या जागा भरण्याची फेरी) जागा बघा. फेरतपासणी मागण्याआधी लक्षात घ्या, ग्रेड खालीही येऊ शकतो. पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सत्राच्या नोंदणीची मुदत निकालानंतर लवकरच संपते, त्यामुळे त्याच आठवड्यात शाळेच्या एक्झाम ऑफिसरला भेटा. शाळा सुटली असली तरी आधी तिथेच विचारा, कारण बाहेरच्या उमेदवाराला विज्ञानाचं प्रॅक्टिकल घेऊ देणारं केंद्र सहजी मिळत नाही.