पावती फाडण्यापूर्वी: शेतकरी कुटुंबाने दानाचा हिशोब कसा ठरवावा

विदर्भातील कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातून किती दान होईल, हे बरेचदा वार्षिक उत्पन्नापेक्षा वर्गणी मागणारे केव्हा येतात आणि त्यांच्यात कोण असते यावरच ठरते. सोयाबीनचा चुकारा दिवाळीच्या आसपास मिळतो, कापूस वेच्यागणिक विकला जातो आणि तूर त्यानंतर घरात येते. त्यामुळे माघातील गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या महाप्रसादाला सैल सुटणारा हात मृगाच्या तोंडावर, बियाणे उधारीवर उचलताना, आखडतो. म्हणून गुढीपाडव्याच्या सुमारास, पीककर्जाचा भरणा, कृषी केंद्राची उधारी आणि पेरणीची रोकड वजा करून, जे उरेल त्यातूनच पुढील वर्षाचा आकडा ठरवावा. नापिकीच्या साली काहीच उरले नाही, तर आकडा शून्य ठेवण्यात कमीपणा मानू नये.

ही बैठक एकट्या कर्त्या पुरुषाची नसावी. शिधा, पंगतीच्या पोळ्या, आजारी शेजारणीच्या घरचा डबा हे दान बहुतेक बाईच्या हातून होते आणि पावती पुस्तकात कधीच चढत नाही. ते आधी मोजावे. कर्ता माणूस गेलेल्या घरच्या पेरणीसाठी दिलेला औताचा एक दिवसही याच हिशोबात धरावा, कारण माझ्या मते गावातील सर्वांत उपयोगी दान तेच असते.

खरी कसोटी मागणीच्या वेळी लागते. पुस्तकातील पहिली मोठी रक्कम पुढच्या घरांचा आकडा ठरवते आणि भोंग्यावरून देणगीदारांची नावे वाचली जाणार असतील तर तो आणखी वाढतो. तेव्हा मागची पाने न पाहता घरी ठरलेला आकडा सांगावा. नोकरदार मुलगा असलेल्या घराकडून नेहमीच जास्त अपेक्षा केली जाते, पण त्याच्या पगारातून घराचे कर्ज फिटत असेल तर ते स्पष्ट बोलावे.

मागील वर्षाचा जमाखर्च मागण्यात संकोच नसावा. नोंदणीकृत न्यासाच्या पावतीवर नोंदणी क्रमांक पाहावा. उत्सवापुरते स्थापन झालेले मंडळ असल्यास, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालील वर्गणी गोळा करण्याची परवानगी विचारावी. पैसा कशावर खर्च होणार हेही विचारावे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देणग्यांतून धर्मशाळा उभारल्या. आपल्याकडे मात्र मंडपाचा खर्च कोणी सहसा विचारत नाही.

करसवलतीच्या लोभाने रक्कम वाढवू नये. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे केवळ शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाला देणगीवरची, ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत कामाची नसते. नोकरदाराला ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक देणगी रोखीने दिल्यास मिळत नाही. त्याने रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी.