ई जीवनसत्त्वासाठी बिया: कोणत्या, किती, कशा

सूर्यफूल, तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया समप्रमाणात मिसळलेलं 'सीड मिक्स' ई जीवनसत्त्वासाठी म्हणून घेत असाल, तर त्यातलं काम जवळजवळ एकटं सूर्यफूलच करतं. या जीवनसत्त्वाची अनेक रूपं आहेत. यकृत त्यांतलं अल्फा-टोकोफेरॉल निवडून रक्तात सोडतं, बाकीचं बरंचसं बाहेर टाकतं. तीळ, जवस आणि भोपळ्याच्या बियांत मुख्यतः गॅमा रूप असतं. (तिळातल्या सेसॅमिन नावाच्या घटकामुळे गॅमा रक्तात थोडं जास्त टिकतं, पण ते अल्फाची जागा घेत नाही.)

१०० ग्रॅम कच्च्या, सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांत सुमारे ३५ मिलिग्रॅम अल्फा असतं, बदामात २५, शेंगदाण्यात ८, तिळात १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. अमेरिकी शिफारस प्रौढांसाठी रोज १५ मिलिग्रॅमची. ३० ग्रॅम बिया, म्हणजे पोह्याचे तीन मोठे चमचे, त्यातले १० देतात. उष्मांक मात्र पावणेदोनशेच्या आसपास, तेव्हा हे चमचे फरसाणाच्या जागी यावेत, फरसाणावर नकोत. घरात सूर्यफूल किंवा करडईचं तेल वापरत असाल तर दोन चमचे बियाही पुरतात.

भाजायच्या असतील तर जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सतत हलवत चार-पाच मिनिटं. रंग किंचित बदलला की लगेच ताटात काढा. कढईत ठेवल्या तर भाजणं चालूच राहतं. भाजल्याने अल्फा साधारण पाव भाग घटतं. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, नाहीतर वाफेने बिया मऊ पडतात. कूट आठवड्यापुरतंच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दळल्यावर तेल हवेला उघडं पडतं, आणि ते खवट होताना ई जीवनसत्त्वच आधी खर्ची पडतं. वास जुन्या तेलासारखा आला तर फोडणीत खपवू नका, टाकून द्या.

नीट चावून खा. ई जीवनसत्त्व शोषायला स्निग्धांश लागतो, तो बियांतच आहे. वर तूप घ्यायची गरज नाही.

निरोगी माणसात याची कमतरता क्वचितच आढळते. पित्तरसाच्या (आम्लपित्त नव्हे) किंवा स्वादुपिंडाच्या आजारामुळे स्निग्ध पदार्थ पचत नसतील, तर नुसत्या बियांनी पातळी वाढणार नाही. तिथे डॉक्टरच हवेत. रक्ततपासणीतला ई जीवनसत्त्वाचा आकडा कोलेस्टेरॉलसोबत वाचावा, कारण कोलेस्टेरॉल जास्त असलं की हा आकडाही चढलेला दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त मात्रेच्या ई कॅप्सूल मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तीन चमचे बियांतून तेवढी मात्रा पोटात जात नाही.