डेअर, डी, दास जिभेवर बसवायचे तर: अँकी ॲपवर जर्मनचा सराव

मिरजेत नर्सिंग करून जर्मनीची तयारी करणाऱ्यांचं गाडं बहुतेक एकाच जागी अडतं. व्याकरण कळलेलं असतं, वही भरलेली असते, पण खुर्चीला डेअर म्हणायचं की डी, इथं जीभ थांबते. जर्मन नामाआधी त्याच्या लिंगाप्रमाणे एक छोटा शब्द, म्हणजे आर्टिकल, लागतो: पुल्लिंगी डेअर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी दास. हे समजुतीचं काम नाही, सवयीचं आहे, आणि सरावाचं सॉफ्टवेअर कामाला येतं ते अशाच ठिकाणी. तिन्हीसांजेला घरोघरी परवचा व्हायचा, तसाच हा प्रकार. फक्त कुठला पाढा चुकतो हे ॲप लक्षात ठेवतं आणि तोच लवकर पुढं आणतं.

अँकी हे असंच ॲप: समोर प्रश्न, मागं उत्तर अशी कार्डं दाखवून उजळणी करून घेतं. ते संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. अँड्रॉइडवरच्या ॲपचं नाव अँकीड्रॉइड. नावाशी साम्य असलेली दुसरी ॲप्स बरीच दिसतील, ती घेऊ नका. कार्डं एकदा फोनमध्ये उतरली की रेंज लागत नाही, त्यामुळे घर पाटणच्या डोंगरात असलं तरी अडत नाही.

कार्डांचे तयार संच उतरवायचा मोह टाळा. त्यातले बहुतेक इंग्रजीवरून जर्मन असतात, आणि आपली अडचण मराठीतून येते. तीन लिंगं आपल्याला जन्मापासून सवयीची आहेत. ते घर, दास हाउस. ती शाळा, डी शूलं. इथं जुळतं. पण ती खुर्ची म्हणजे डेअर श्टूल, तो दरवाजा म्हणजे डी ट्यूर, ती खिडकी म्हणजे दास फेन्स्टर. घोळ होतो तो इथंच, कारण मन आपसूक मराठीचं लिंग उचलतं. म्हणून वहीतले शब्द दोन गटांत पाडा आणि न जुळणाऱ्यांची कार्डं आधी करा. नियमात बसणारे घोकू नका: लहानपणा दाखवणारा 'शेन' शेवटी आला की दास (म्हणून मुलगी, मेडशेन, हीसुद्धा दास), आणि क्रियापदाला 'उंग' लागून झालेलं नाम डी.

प्रत्येक शब्दाची दोन कार्डं करा. पहिल्यावर समोर मराठी, मागं आर्टिकल, शब्द आणि अनेकवचन. उलटं, म्हणजे जर्मन पाहून मराठी, करू नका. त्यात शब्द ओळखीचा वाटतो, पण पेशंटसमोर तो तोंडात येत नाही. दुसऱ्यावर गाळलेली जागा: 'इश फारं मिट ___ बुस' (मी बसनं जाते), उत्तर डेम. डेअरचं डेम कधी होतं हे असं वाक्यातच मुरतं.

कार्डावर जर्मन रोमन लिपीतच लिहा आणि स्वरांवरची दोन टिंबं गाळू नका. 'शोन' म्हणजे आधीच, त्याच्याच ओवर टिंबं दिली की सुंदर. फोनच्या कीबोर्डवर अक्षर दाबून धरलं की टिंबांचं अक्षर मिळतं. शब्द एक्सेलमध्ये भरून ॲपमध्ये आणणार असाल तर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.

आता आकडे. ॲप मुळात रोज २० नवी कार्डं देतं. ते १० वर आणा, म्हणजे दिवसाला ५ शब्द. रोजची उजळणी काही आठवड्यांत नव्या कार्डांच्या सात ते दहा पट होते. २० ठेवलीत तर दोनशेपर्यंत जाते, आणि माणूस महिन्याभरात सोडून देतो. दहावर ती ७० ते १०० राहते. एका कार्डाला आठ सेकंद धरली तर दहा-चौदा मिनिटं. ए-१ या जर्मनच्या पहिल्या पातळीचे साधारण ६५० शब्द या गतीनं साडेचार महिन्यांत होतात.

उत्तर मोठ्यानं म्हणा, मगच कार्ड उलटा. जर्मन झेडचा उच्चार 'चाक'मधल्या च सारखा, 'चार'मधल्या च सारखा नाही. हा आवाज आपल्याकडे आयताच आहे, तो वापरा.

सगळ्यात जास्त चूक होते ती कार्ड उलटल्यावर येणाऱ्या बटणांत. उत्तर आलंच नाही तर 'अगेन' दाबायचं. कमीपणा वाटून पुष्कळ जण 'हार्ड' दाबतात. पण 'हार्ड' म्हणजे कष्टानं का होईना, आठवलं. ॲप तसंच समजतं आणि न येणारा शब्द लांबच्या तारखेला ढकलतं. आर्टिकल चुकलं, शब्द बरोबर आला, तरीही 'अगेन'च.

गणपतीत पाच दिवस खाडा पडला की उजळणीचा ढीग दिसतो. तेव्हा नवी कार्डं शून्यावर आणा, रोज १०० प्रमाणे ढीग उपसा, मग पुन्हा दहावर या.

एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की ॲप त्यावर 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण करतं, आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही काढतं. ते तसंच फिरवत राहू नका. बहुतेक वेळा त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा शब्द त्याला अडवत असतो. दोन्ही शोधून काढा, प्रत्येकाला वॉर्डातलं किंवा स्वयंपाकघरातलं एकेक वेगळं वाक्य द्या, मगच चालू करा.