गिटार ॲम्प: उघडण्याआधी या चुका टाळा

पावसाळाभर कोल्हापूरच्या ओलसर खोलीत पडून राहिलेला ॲम्प गणपतीच्या कार्यक्रमाला बाहेर काढला, की हमखास कुरकुरतो. आवाज मधेच बसतो, नॉब फिरवला की खरखर येते. लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. बिघाड बहुतेक वेळा केबल, जॅक किंवा प्लगमध्ये असतो.

आवाज बसत असेल तर ॲम्पच्या मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' असे जॅक (बाहेरचा इफेक्ट जोडायची भोकं) आहेत का बघा. दोघांमध्ये छोटी पॅच केबल लावा. आवाज भरून आला, तर दोष सापडला: रिटर्न जॅकच्या आत धातूची एक पातळ पट्टी असते. जॅक रिकामा असताना सिग्नल तिच्यावरूनच पुढे जातो, आणि दमट हवेने ती काळी पडलेली असते. ॲम्प बंद करा, भिंतीतला प्लग काढा, पॅच केबलच्या टोकावर कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे) मारा आणि ते टोक रिटर्न जॅकमध्ये 10-12 वेळा आत-बाहेर करा. नॉबच्या खरखरीवरही हाच क्लीनर चालतो. गंज सोडवायचं तेल मात्र मारू नका, त्याचा चिकट थर धूळ धरून ठेवतो. साफ करूनही खरखर राहिली, तर आतला कपॅसिटर गळत असू शकतो. ते काम मेकॅनिकचं.

घूं आवाज येतोय? गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं थांबली, तर ती पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकी गुंडाळीतून, येते. ट्यूबलाइट आणि चार्जरपासून लांब सरका, थोडं वळून उभे राहा. गिटारची केबल काढूनही घूं चालूच राहिली, तर ती ॲम्पचीच. 50 हर्ट्झची खर्जातली घूं बहुधा अर्थिंग किंवा वायरिंगची, एक सप्तक वरची 100 हर्ट्झची असेल तर आतल्या वीजपुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर बहुधा थकलेत.

घूं जावी म्हणून प्लगची तिसरी, अर्थची पिन कधीही काढू नका. मंडपात जनरेटरवर वाजवताना ही चूक जिवावर बेतते. गिटारच्या तारा केबलमार्गे ॲम्पच्या चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थ नसेल आणि आत गळती असेल, तर माइकला ओठ लागताच शॉक बसतो. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून चालवा. कार्यक्रमाआधी फेज-अर्थमधला व्होल्टेज मंडळाच्या इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. 230 च्या आसपास आला नाही, तर त्या बोर्डवर वाजवू नका.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकरला गिटारची शिल्डेड केबल लावू नका. तिची तार बारीक असते, तापते. 8 ओहमचे दोन स्पीकर पॅरलल लावले की 4 ओहम होतात, तेव्हा ॲम्पमागचा ओहमचा स्विच 4 वर हवा. ॲम्प बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 400 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त साठा राहू शकतो, त्यामुळे माहिती नसेल तर चासीत हात घालू नका.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला. त्यावर 'टी' असेल तर स्लो-ब्लो, म्हणजे उशिरा उडणाराच. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवलंत, तर पुढचा फ्यूज म्हणजे तुमचा ट्रान्सफॉर्मर. पुन्हा लगेच उडाला, तर थांबा.

ठेवताना फरशीवर नको, लाकडी पाटावर ठेवा. प्लास्टिकने गुंडाळलंत तर ओल आतच कोंडते, सुती चादर पुरे. आणि पावसाळ्यात आठवड्यातून अर्धा तास, स्पीकर जोडून, तो चालू ठेवा.