स्वस्तातला जुन्या वळणाचा म्युझिक प्लेअर: घेण्याआधीची तयारी

दुकान किंवा वेबसाइट उघडण्याआधी एक कागद घ्या आणि आपली गाणी नेमकी कशावर आहेत ते लिहून काढा. कॅसेट किती, सीडी किती, संगणकात फाइली किती जीबी, आणि फक्त ॲपवर ऐकतो ती किती. बहुतेकांची फसगत या शेवटच्या रकान्यात होते. स्ट्रीमिंग ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी त्या ॲपच्या कुलपातच राहतात. ती उचलून साध्या एमपी३ प्लेअरमध्ये टाकली तर वाजत नाहीत. अशीच गाणी जास्त असतील तर अँड्रॉइडवर चालणारा प्लेअर लागतो, आणि स्वस्त प्लेअरमधली अँड्रॉइडची आवृत्ती इतकी जुनी असते की ॲप आज चालले तरी पुढच्या अपडेटनंतर चालेलच असे नाही. त्यापेक्षा पडून असलेल्या फोनमधले सिम काढून तो गाण्यांना वाहिलेला बरा. रुपडे जुने मिळणार नाही, एवढेच.

कागद भरला की निवड तीन वाटांवर येते: कॅसेट वाजवणारा, सीडी वाजवणारा, किंवा बाहेरून जुना दिसणारा पण आत मेमरी कार्ड असलेला. कमी पैशात सगळ्यांत चांगला आवाज तिसऱ्यात मिळतो, आणि सगळ्यांत जास्त थापाही त्याच्याच जाहिरातीत असतात. कॅसेटमध्ये मजा आहे, पण स्वस्त कॅसेट प्लेअर म्हणजे आवाजाशी तडजोड हे आधीच मनाशी पक्के करावे. सीडीकडे उगाच दुर्लक्ष होते. मिनीडिस्कच्या, म्हणजे सोनीच्या डबीतल्या छोट्या डिस्कच्या, वाटेला स्वस्ताच्या शोधात जाऊच नये. सोनीने कोऱ्या डिस्कचे उत्पादनही २०२५ मध्ये थांबवले.

कॅसेटपासून सुरू करू, कारण इथे तपासायला सर्वांत जास्त आहे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या या कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते.  वेग आजही तोच. इतक्या संथ वेगात जराशी थरथर झाली तरी सूर हलतो. ती थरथर दाबण्याचे काम फ्लायव्हील नावाचे चाक करते, आणि ते जितके जड तितका सूर स्थिर. आज नव्याने निघणाऱ्या बहुतेक कॅसेट प्लेअरमध्ये, वरचे नाव कोणतेही असो, तानाशिन या जपानी कंपनीच्या जुन्या आराखड्यावरून उतरवलेली जवळपास एकसारखी यंत्रणा असते. फरक चाकात आणि मोटरमध्ये पडतो. फिओ कंपनीने आपल्या सीपी१३ या कॅसेट प्लेअरमध्ये तांब्याचे मोठे चाक मुद्दाम मिरवले ते याचसाठी. म्हणून वर्णनात डब्याचा रंग आणि चामड्याचे कव्हर यांपलीकडे चाकाबद्दल अवाक्षर नसेल, तर ते हलके आहे असे धरून चाला.

तपासायला लांब स्वर असलेला पियानो किंवा बासरी घ्या. ढोल-ताशात सूर हलल्याचे कळत नाही, पियानोत लगेच कळते. वेगासाठी तेच गाणे फोनवर लावून दोन्हींचा सूर जुळतो का पाहा, किंवा सरळ घड्याळ लावा. पाच मिनिटांचे, म्हणजे ३०० सेकंदांचे गाणे ९ सेकंद आधी संपले तर वेग ३ टक्के जास्त आहे. ३ टक्के म्हणजे शुद्ध आणि कोमल गंधारातल्या अंतराच्या सुमारे निम्मे, कानाला बोचतेच. ही चूक बऱ्याचदा सुधारता येते. अनेक यंत्रांत मोटरच्या पाठीला छोटे भोक असते आणि आत वेगाचा स्क्रू. तो प्लॅस्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवायचा असतो. थरथर मात्र स्क्रूने जात नाही.

‘स्टिरिओ’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे का ते पाहा. जुन्या धाटणीच्या स्वस्त रेकॉर्डरपैकी बरेच मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारे असतात, आणि हेडफोन लावल्यावर दोन्ही कानांत आवाज येतो म्हणून ते लक्षातही येत नाही. रेकॉर्डिंगही करायचे असेल तर जुने रेकॉर्डिंग पुसणारे हेड, म्हणजे फितीला टेकणारा भाग, कोणते ते विचारा. स्वस्तात तिथे नुसते लोहचुंबक बसवतात, आणि त्याने पुसलेल्या फितीवर सुरसुर वाढते. कॅसेटवर डॉल्बी बी या सुरसुर कमी करणाऱ्या पद्धतीचे चिन्ह असेल तर हेही जाणून असा की नव्या प्लेअरमध्ये डॉल्बी नसते. ती कॅसेट त्यात थोडी किणकिणती आणि जास्त सुरसुरती वाजेल. क्रोम कॅसेटचेही तसेच, प्लेअरला प्रकार बदलण्याचा खटका नसेल तर वरचे सूर चढतात. दोन्हींवर घरगुती उतारा एकच, ट्रेबल थोडा कमी करणे. आणि १२० मिनिटांच्या कॅसेट स्वस्त यंत्रात घालू नका. साठ मिनिटांच्या फितीची जाडी १६ ते १८ मायक्रॉन असते, एकशेवीसवाली जेमतेम ९; ती ताणली जाते आणि रोलरला गुंडाळते.

वापरलेला वॉकमन घेत असाल तर पहिली कॅसेट टाकाऊच घाला. आतला रबरी बेल्ट ताणलेला असेल तर वेग डळमळतो. पार जुना असेल तर वितळून डांबरासारखा काळा चिकटा झालेला असतो. बेल्ट बदलता येतो, पण आधी तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटच्या कणापर्यंत पुसावा लागतो, नाहीतर नवा बेल्ट घसरतो. फीत बाहेर येऊन अडकते त्याचे कारण बहुधा ती ओढून घेणारी चकती थांबलेली असणे. म्हणून झाकण उघडे ठेवून प्ले दाबा आणि ती चकती न अडखळता फिरते का बघा. रबरी पिंच रोलर काचेसारखा चकचकीत आणि कडक झालेला असेल तर तो फीत नीट पकडणार नाही. ऑटो-रिव्हर्सचा मोह आवरलेला बरा. एक बाजू खणखणीत आणि दुसरी पांघरुणाखालून आल्यासारखी वाजते, ती त्याचे हेड एका दिशेला तिरके बसल्यामुळे.

सीडी प्लेअरची यादी छोटी. धक्का बसल्यावर किती सेकंद तग धरतो ते वाचा: १० सेकंद चालताना ऐकायला अपुरे, ४० ते ४५ पुरेसे, १२० असेल तर उत्तमच. मात्र ही सोय बॅटरी जास्त खाते आणि काही यंत्रांत त्यासाठी आवाज दाबून साठवला जातो, तेव्हा टेबलावर ऐकताना ती बंद करता येते का हेही पाहा. तपासणीसाठी ७० मिनिटांपेक्षा लांब सीडी न्या आणि थेट शेवटचे गाणे लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. झिजलेले यंत्र पहिली गाणी बिनबोभाट वाजवते आणि काठाशी अडखळते. घरी भरलेल्या सीडी असतील तर त्यातलीही एक न्या. सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे सगळी यंत्रे ती वाचत नाहीत. एमपी३ भरलेली सीडी चालणार का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. आणि वापरलेला प्लेअर ‘मेलेला’ म्हणून मिळत असेल तर आधी बटणे गोठवणारा होल्डचा खटका पाहा. निम्म्या वेळा तेवढेच झालेले असते असे म्हणायचा मोह होतो.

आता कार्डवाला. १२८ जीबी ‘आतली मेमरी’ आणि नगण्य किंमत हे एकत्र दिसले की मागे फिरा. अशा यंत्रांत थोडीच मेमरी असते आणि आकडा खोटा दाखवलेला असतो. मर्यादा ओलांडली की नवी फाइल जुनीवर लिहिली जाते आणि गाणी मधूनच तुटतात. कार्डांचेही तेच. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत साधने कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात, म्हणून त्यांचाच निकाल खरा. जागेचा हिशोब सोपा आहे. ३२० केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी लागतात, म्हणजे चार मिनिटांचे गाणे सुमारे १० एमबी आणि ३२ जीबीच्या कार्डात तीन हजारांहून अधिक गाणी. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलीत, तेच गाणे साधारण २५ एमबी होते, तेव्हा हजार-बाराशे धरा. बहुतेकांना ३२ जीबी पुरते, आणि ते घ्यायला आणखी एक कारण आहे: ६४ जीबीपासूनची कार्डे एक्सफॅट पद्धतीने आखलेली (फॉरमॅट केलेली) येतात, ती बऱ्याच स्वस्त प्लेअरना उमगत नाहीत. मोठे कार्ड हवेच असेल तर ते फॅट३२ मध्ये नव्याने आखावे लागते.

देवनागरीत नावे लिहिलेली गाणी असतील तर खरेदीआधी हे तपासणे भागच आहे. यंत्रात देवनागरीचा फाँट नसेल तर नावांच्या जागी चौकोन दिसतात. असला तरी वेलांट्या आणि जोडाक्षरे बऱ्याचदा सुटी पडतात. टॅग, म्हणजे फाइलीत साठवलेली गाण्याची माहिती, आयडी३च्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ मध्ये साठवा, २.४ बऱ्याच स्वस्त यंत्रांना वाचता येत नाही. मुखपृष्ठ दिसत नसेल तर चित्र बहुधा प्रोग्रेसिव्ह जेपेग असते, ते साध्या बेसलाइन जेपेगमध्ये बदलले की दिसू लागते. गाणी उलटसुलट क्रमाने वाजतात तेव्हा दोष प्लेअरचा वाटतो, पण अनेक यंत्रे नावाचा क्रम न पाहता कॉपी केलेला क्रम पाळतात. म्हणून फाइलीच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला आणि एकेक फोल्डर क्रमाने भरा. मॅकवरून भरल्यास टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छुप्या फाइलीही सोबत जातात आणि प्लेअर त्यांना न वाजणारी गाणी समजतो. त्या पुसाव्या लागतात.

आयपॉडच्या गोल चकतीची नक्कल असेल तर ती खरेच फिरते की चार बटणांवर गोल झाकण आहे, हे व्हिडिओत बघून घ्या. हजार गाण्यांच्या यादीत बटण दाबत उतरणे दोन दिवसांत नकोसे होते. खराच आयपॉड हवा असेल तर २००५ चा पाचव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा क्लासिक पाहावा. त्यातली छोटी हार्ड डिस्क काढून ॲडॅप्टरवर मेमरी कार्ड बसवता येते, आणि रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की गाणी नुसती ओढून भरता येतात. पाठ किंचित फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला तर आत बॅटरी फुगली आहे. तो नग घेऊ नका.

इअरफोन तारेचा न्या, आणि तो धातूच्या तीन पट्ट्यांच्या पिनेचा असू द्या. माइकवाली चार पट्ट्यांची पिन जुन्या खाचेत नीट बसली नाही तर सामाईक तार सुटते, मग गायकाचा आवाज गायब होऊन मागची वाद्ये तेवढी पोकळ ऐकू येतात. पुष्कळ चांगले प्लेअर याच कारणाने ‘खराब’ ठरून परत जातात. गाणे थांबवून आवाज वाढवा आणि सुरसुर ऐका, कारण कानात घुसणारे संवेदनशील इअरफोन ती उघडी पाडतात. एफएम असेल तर तारेचा इअरफोनच त्याची अँटेना असतो, ब्लूटूथवर तो बहुधा चालत नाही. ब्लूटूथचा ५.३ हा आकडा आवाजाचा दर्जा सांगत नाही, त्यासाठी कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, पाहावा. शिवाय ब्लूटूथ आवाज बाहेर पाठवतो की नुसता आत घेतो, हेही नीट वाचा.

चार्जिंगला टाइप-सी पोर्ट दिसला तरी दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल चालेलच असे नाही. त्यासाठी यंत्रात ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर लागतात आणि स्वस्तात नेमके तेच वगळतात. अशा वेळी एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की चार्जिंग सुरू होते. एए सेलवर चालणारा प्लेअर मिळाला तर अधिक चांगले, कारण बॅटरी मेल्यावर यंत्र मरत नाही. रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असल्यामुळे काही यंत्रे ‘बॅटरी कमी’ लवकर दाखवतात, त्याला घाबरू नका. सेलच्या खाचेत पांढरा किंवा हिरवट थर असेल तर व्हिनेगर लावलेल्या इअरबडने पुसून, मग अल्कोहोलने कोरडे करून पाहा. स्प्रिंगच खाल्ली गेली असेल तर सोडून द्या.

तर पिशवीत हे भरा: टाकाऊ कॅसेट एक आणि सूर माहीत असलेली एक, लांब सीडी, आपल्याच गाण्यांचे तपासलेले ३२ जीबी कार्ड, सवयीचा तारेचा इअरफोन, दोन नवे एए सेल, जुन्या टोकाची यूएसबी केबल, बारीक पेचकस, इअरबड आणि ९० टक्क्यांवरचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि खोक्याची टेप सुरीने नीट कापा. मग मुदतीच्या पहिल्या दोन दिवसांत पूर्ण चार्ज करून मध्यम आवाजावर संपेपर्यंत वाजवा आणि तास मोजा, कार्ड भरून यादीतले शेवटचे गाणे लावा, खिशात घालून वीस मिनिटे चाला. कॅसेटवाला घेतला असेल तर घालण्याआधी फितीची ढील पेन्सिलीने काढा, दर वीसेक तासांनी हेड पुसा, आणि महिनाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर काढून ठेवा.