क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरची घूं कशी गेली

ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर जॉन लिन्सली हूड यांचं १९६९ सालचं १० वॅटचं क्लास ए सर्किट दिवाळीच्या सुट्टीत बांधलं. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले, हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) जुन्या बाजारातून. आवाज इतका मोकळा की आई स्वयंपाकघरातून ऐकायला बाहेर आली. पण गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ.

बाहेरून काही आत येऊ नये म्हणून इनपुट शॉर्ट केलं, तरी घूं तशीच. म्हणजे दोष आतलाच. क्लास एमध्ये गाणं असो वा नसो, करंट वाहतच असतो; माझ्या दोन्ही चॅनेलचा मिळून २.४ अँपिअर. त्यामुळे पॉवर सप्लायचा व्होल्टेज सपाट करणाऱ्या १०,००० मायक्रोफॅरडच्या एकट्या कपॅसिटरवर जवळजवळ २ व्होल्टची, १०० हर्ट्‌झची लहर उरत होती. तसाच दुसरा कपॅसिटर घेऊन दोघांमध्ये ०.४७ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर घातला. लहर साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आली. व्होल्टभर सप्लाय कमी झाला, तेवढं चालतं. रेझिस्टर मात्र बोर्डापासून बोटभर वर ठेवा, चांगलाच तापतो.

तरी घूं पुरती जाईना. खरी चूक ग्राउंडमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या तारांमध्ये होती. इनपुटची आणि स्पीकरची ग्राउंड मी ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) निगेटिव्हवरून घेतली होती. तिथून पहिल्या कपॅसिटरपर्यंतच्या चार इंच तारेतून चार्जिंगचे जोरदार झटके जातात, ते थेट इनपुटात मिसळत होते. सगळ्या ग्राउंड सोडवल्या आणि दुसऱ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हवर एकाच ठिकाणी जोडल्या.

रात्री अकराला स्पीकरला कान लावला. शांत. मग तानपुरा लावला, आणि त्याची जवारी, तारांचा तो गुंजारव, पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आली.