ट्रेकला न्यायचा छोटा चाकू कसा पारखायचा

दर पावसाळ्यात ओळखीतलं कोणीतरी विचारतंच की राजगड-तोरण्याला न्यायला चाकू कुठला घेऊ, आणि सोबत जो फोटो पाठवतो तो बघून वाटतं हा म्हैस कापायला निघालाय. अरे, गडावर आपण कापतो काय? कांदा, काकडी, मॅगीचं पाकीट, नायलॉनची दोरी, पायाच्या फोडाला लावायची चिकटपट्टी, फार तर चुलीसाठी खाली पडलेली वाळकी काटकी. त्याला तीन-चार इंचाचं फिक्स पातं भरपूर झालं. फिक्सच का, तर घडीच्या चाकूच्या सांध्यात चिखल नि कांद्याचं पाणी जाऊन बसतं आणि गार पडलेल्या ओल्या हातानं ते उघडझाक करणं म्हणजे नसता ताप.

सगळे आधी स्टीलचं नाव विचारतात. मी आधी जाडी बघतो. मोरा कंपॅनियन हा स्वीडनचा चाकू, पातं साधारण १०४ मिलिमीटर लांब आणि २.५ जाड. इझुला हा अमेरिकन चाकू, पातं त्याहून आखूड पण जाडी जवळपास ४ मिलिमीटर. आणि आपल्या स्वयंपाकघरात असतो तो व्हिक्टोरिनॉक्सचा भाजीचा चाकू, तो जेमतेम मिलिमीटरभर. आता कांदा चिरताना जाड पातं पाचरीसारखं घुसतं, कांदा चिरला जात नाही, फाटतो. उलट भाजीचा चाकू टोमॅटोवर राजा, पण काटकी तासायला घेतलात की पातं लपलपतं, शिवाय त्याला म्यान नाही, मग वर्तमानपत्रात गुंडाळून न्या आणि बॅगेत हात घालताना देवाचं नाव घ्या. माझ्या मते दोन ते अडीच मिलिमीटर हा आपल्या कामाचा मध्य.

दोन चाकू हातात असतील तर घरीच परीक्षा घ्या. पण आधी दोन्हींना एकाच दगडावर धार लावा, कारण कंपनीतून आलेली धार प्रत्येकाची वेगळी, त्यावरून काही कळत नाही. मग पिकलेला टोमॅटो दाब न देता कापून बघा, नायलॉनच्या एकाच दोरीचे वीस तुकडे करा, वाळक्या काठीचा पातळ छिलका काढा आणि परत टोमॅटोवर या. दुसऱ्या टोमॅटोला जो घसरतो तो नापास. शेवटी हात पाण्यात बुडवून थोडं साबण लावा आणि मूठ धरून बघा, कारण मूठ नि पात्याच्या मध्ये बोट अडवणारा उंचवटा नसेल तर पावसात बोटं सरकून थेट धारेवर जातात. इझुलाची मूठ म्हणजे नुसती पोलादाची पट्टी, दोरी गुंडाळल्याशिवाय मला तरी ती धरवत नाही. कंपॅनियनची रबरासारखी मूठ छान बसते, पण आत पात्याची शेपटी पूर्ण टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे वरून दगड मारून लाकूड फोडायचे उद्योग त्याच्याशी करू नका.

स्टीलचं म्हणाल तर कंपॅनियन कार्बन आणि स्टेनलेस दोन्हीत मिळतो. कार्बनला धार पटकन लागते हे खरं, म्हणून मी हौसेनं कार्बनवाला एक चाकू घेतला, वर मस्त चामड्याचं म्यान करून घेतलं, आणि जुलैत राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्कामाला ओला तसाच म्यानात घालून झोपलो. सकाळी पातं भगवं! चामडं पाणी धरून ठेवतं, चूक माझीच होती. तेव्हापासून सह्याद्रीच्या पावसात स्टेनलेस आणि तळाला पाणी जायला भोक असलेलं प्लॅस्टिकचं म्यान, विषय संपला. विकत घेताना चाकू म्यानात घालून उलटा धरून झटका द्यायचा, चाकू पडला तर परत करायचा. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

डी-टू नावाच्या कडक स्टीलचे स्वस्त चाकूही खूप दिसतात. धार टिकते, पण गेली की साध्या दगडावर परत आणताना घाम निघतो, आणि पूर्ण स्टेनलेस नसल्यानं गंजाचे ठिपके येतात ते येतातच.

लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची सुरी करून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पोलाद चांगलं असतं, फक्त पातं पातळ ठेवायला सांगा नाहीतर छोटा कोयताच हातात येईल. आणि ग्राइंडरवर धार काढताना कड निळी पडली तर तिथलं पाणी उतरलं समजा, ती धार टिकणार नाही. सायकलवरच्या धारवाल्याकडे पातळ चाकू देताना पण हीच भीती. त्यापेक्षा पुण्यातल्या बोहरी आळीतून धार लावायचा दोन बाजूंचा दगड आणा. मोराच्या पात्याला प्रत्येक बाजूला एकच रुंद उतार असतो, तो दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो, नवशिक्याला याहून सोपं काही नाही.

कायद्याचं पण बघा. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र म्हणून धरली जातात, घरगुती नि शेतीची अवजारं वगळून. आपला चाकू त्यात बसत नाही, पण पुण्यात पोलिसांचे हत्यारं बाळगायला मनाईचे आदेश अधूनमधून निघत असतात आणि कोयत्यांच्या बातम्यांमुळे वातावरणही तापलेलं असतं, तेव्हा स्वारगेटला कमरेला लटकवून मिरवू नका. सॅकच्या तळाशी, भांड्यांच्या डब्यात. गडावर पोचल्यावरच बाहेर.

घरी आल्यावर धुऊन, पुसून, पंख्याखाली तासभर ठेवा आणि म्यानाबाहेरच ठेवा. कार्बन असेल तर खोबरेलाचं बोट फिरवा, पोटात गेलं तरी चालतं. जानेवारीत बाटलीतलं गोठलेलं असतं तेव्हा चिमूटभर खरवडून तळव्यावर चोळून पात्याला लावलं की झालं.